शमीमच्या उजव्या अंगठ्याचं नख

शमीमच्या धाकट्या भावाचा, सलीमचा, फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. नसरापूरच्या माझ्या पार्लरचं शटर मी नुकतंच वर केलं होतं, झाडू हातात होता. "सविताताई, आपा गेली. पहाटं गेली," एवढं बोलून तो थांबला. मला वाटलं फोनच कट झाला. मग त्याचा श्वास ऐकू आला. "आणि अम्मा म्हणतीय, तुमचं सामान घेऊन या. नखावरचं ते काढाय लागंल. त्याच्याबिगर आंघोळ घालता येत न्हाई." शेवटची आंघोळ घालताना पाणी सगळ्या अंगाला लागलं पाहिजे, नखालासुद्धा, हे मला शमीमनंच कधीतरी सांगितलं होतं. नखावर जेलचा, म्हणजे कडक होणाऱ्या नखरंगाचा, थर असला तर पाणी पोचत नाही. आणि तो थर नऊ दिवसांपूर्वी मीच लावला होता. मी झाडू भिंतीला टेकवला, कापूस, फॉइलचा रोल, फाईल आणि रिमूव्हरची बाटली पिशवीत भरली आणि भोरची एसटी धरली. रडू आलं नाही. बाटली आडवी होऊन सांडू नये म्हणून ती सगळ्या वाटेनं दोन्ही हातांनी उभी धरली होती, एवढंच आठवतं.

शमीम भोरची. तिची आई, आम्ही सगळ्याच त्यांना अम्मा म्हणतो, बांगड्या भरायच्या. भोरच्या बाजारात बसायच्या आणि वेल्ह्याकडच्या जत्रांना टोपली घेऊन जायच्या. बायकांचे हात कसे धरायचे हे शमीम तिथंच शिकली असणार. पुढं ती पुण्यात नखांच्या सलूनमध्ये कामाला लागली, तिथंच दहा वर्षं राहिली. लग्न झालं, मोडलं, आणि एक दिवस ती सगळं आवरून अम्मांकडे परत आली. आठेक वर्षांपूर्वी ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा आमची ओळखही नव्हती. मी हिर्डोशीची, नसरापुरात दिलेली. भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप, एवढंच माझं काम. ती म्हणाली, "खिडकीपाशी एक टेबल टाकू दे. नखांचं काम करते." मी हसलेच. म्हटलं, हितं कोण येणार नखं करायला? भाकरी थापायची, भांडी घासायची, पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात कोपरापर्यंत हात. तिनं माझं हसू संपू दिलं. मग म्हणाली, "म्हणूनच म्हणते. पुण्याच्या बाईला लांब नखं लावून दिली तर ती सांभाळती. तिची भांडी दुसरी बाई घासती. हितल्या बाईचं नख आखूड पाहिजे, बोटाच्या गोलाईनं. आणि त्याचा टवका उडता कामा नये."

पहिली नखं तिनं माझीच केली. "आता आठ दिवस घरचं सगळं काम कर. काही सांभाळू नकोस," म्हणाली. सहाव्या दिवशी उजव्या तर्जनीचा बारीकसा टवका गेला. मी ते बोट लपवायला बघत होते, पण तिनं हात ओढून घेतला आणि नख उजेडाकडे धरलं. "डब्याचं झाकण उचकाटलंस," म्हणाली. खरंच होतं. त्या दिवसापासून ती मला शिकवायला लागली. नखाला कोपरा ठेवायचा नाही, कारण टवका पहिल्यांदा कोपऱ्याला उडतो. जेल लावण्याआधी नखाची चकाकी फाईलनं हलकेच घालवायची, बुडाशी चिकटलेली मेलेली कातडी काढायची, आणि मग त्या नखाला आपलं बोटसुद्धा लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की थर सुटलाच. थर पातळ द्यायचे, मध्ये किंचित उंचवटा आणि बाजूंना उतार. कातडीला जेल भिडू द्यायचं नाही, केसभर जागा सोडायची. आणि शेवटी ब्रश नखाच्या पुढच्या कडेवरून फिरवायचा, म्हणजे थर कडेवरून खाली वळतो आणि पाणी शिरायला फट राहत नाही. आखूड नखाची कड जेमतेम दिसते, म्हणून पुष्कळजणी ती सोडून देतात आणि चार दिवसांत बाई तक्रार घेऊन येते. शमीम त्याला 'कड बांधणं' म्हणायची. मी विसरले की म्हणायची, "शेतकऱ्याची पोर ना तू? बांध घातला न्हाई तर खाचरात पाणी ठरंल का?"

गिऱ्हाईक आलं. आधी लग्नाच्या मुली आल्या, मग वेल्ह्याच्या एका शाळेतल्या बाई, मग भोर डेपोची एक लेडी कंडक्टर, जिची नखं दिवसभर तिकिटाच्या मशीनवर आपटायची. तिची नखं महिनाभर टिकली तेव्हा तिनं गाडीतल्या चार बायकांना हात दाखवून आमच्याकडे धाडलं. माझ्या एका चुलत बहिणीचं बोट लहानपणी कडबाकुट्टीत गेलं होतं, अर्धंच नख उरलं होतं. साखरपुड्याला अंगठी कोणत्या हातात घालतील या धास्तीनं ती आठवडाभर जेवली नव्हती. शमीमनं त्या अर्ध्या नखावर इतकं नेमकं, इतकं छोटं नख बसवलं की सासरच्या कुणाला कळलं नाही. बहीण हात उलटासुलटा करून बघत राहिली आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली. शमीम तिला म्हणाली, "रड, पण नख टेकवू नकोस, अजून ओलं हाय."

आपली नखं स्वतः करणाऱ्या बाईची एक अडचण असते. उजव्या हातानं डावा हात करता येतो, उजवा मात्र दुसऱ्या कुणाला करावा लागतो. शमीमचा उजवा हात मी करायचे. दर तीन आठवड्यांनी, दुपारच्या रिकाम्या वेळी. अशाच एका दुपारी जुना थर काढल्यावर मला तिच्या अंगठ्याच्या नखात एक काळपट रेघ दिसली. बुडापासून टोकापर्यंत, सरळ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मी विचारलं तर म्हणाली, "जीपच्या दारात चेमटला हुता मागं. रक्त साकळलं आसंल." मी त्यावर गडद मरून रंगाचे दोन थर दिले. रेघ दिसेनाशी झाली. पुढच्या वेळी रेघ होतीच. त्याच्या पुढच्या वेळीही होती. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकत जातं आणि शेवटी कापलं जातं, हे आम्ही दोघी रोज बायकांना सांगायचो. ही रेघ कुठंच सरकत नव्हती. उलट रुंद होत होती. मी प्रत्येक वेळी ती बघितली आणि प्रत्येक वेळी झाकली...

मग त्या नखाचा टवका उडायला लागला. शमीमच्या नखाचा टवका! तोही दर आठवड्याला, त्याच अंगठ्याचा, त्याच जागी. बाकीची चार बोटं जशीच्या तशी. आम्ही बेस कोटची, म्हणजे पहिल्या थराची, बाटली बदलली. जेल सुकवायचा लॅम्प जुना झाला असेल म्हणून नवा आणला. तिनं आठवडाभर रबरी हातमोजे घालून भांडी घासली. तरी अंगठ्याचा थर उचलला जायचाच. तिची चिडचिड व्हायला लागली आणि एक दिवस गिऱ्हाइकासमोर ती मला म्हणाली, "तुझाच हात चुकतोय. कड बांधत न्हाईस तू." मलाही लागलं. मी म्हटलं, मग जा पुण्याला, तुझ्या जुन्या मैत्रिणींकडून करून घे. दोन आठवडे आम्ही एकाच खोलीत बसून कामापुरतंच बोललो. आज मला त्या भांडणाची जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची नाही. ती माझ्या हाताची चूक शोधत होती, मी तिच्या वागण्याची शोधत होते. थर ज्याच्यावर बसायचा ते नखच खालून फाटत होतं, हे आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नाही. का आलं होतं आणि आम्ही ते बाजूला सारत होतो, हे आता कोण सांगणार.

ते नख मधोमध उभं चिरलं तेव्हा तिनं त्यावर पट्टी लावली. आमच्याकडे येणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं ती पट्टी सोडायला लावली. नखाच्या बुडाची कातडीही काळी पडली होती. सिस्टरनी अंगठा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "हे असलं झाकून ठेवायचं नसतं. उद्याच्या उद्या पुण्याला दाखवा." लग्नसराई ऐन भरात होती, दिवसाला तीन-तीन नवऱ्या होत्या. शमीम म्हणाली, "सीझन होऊ दे, मग जाते." सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, सीझन झाला की मीच घेऊन जाते हिला." सीझन झाला, मग पाऊस लागला, मग अम्मांचं गुडघ्याचं दुखणं निघालं. आम्ही गेलो तोवर चार महिने झाले होते.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नखाखालचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो कॅन्सर निघाला. नखाच्या मुळाशीही कॅन्सर होतो, हे आम्ही दोघींनी तिथं पहिल्यांदा ऐकलं. दोघींची उभी हयात बायकांच्या हातांवर गेलेली. काखेतल्या गाठीपर्यंत तो पोचला होता. अंगठा काढावा लागणार होता. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. कात्रजचा बोगदा गेला. मग बाहेर बघतच तिनं विचारलं, "तुला दिसत हुतं का गं?"

"व्हय," मी म्हणाले.

"मलाबी."

त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. मी वाट बघत होते, दोन्हीपैकी काहीतरी एक ती देईल म्हणून.

अंगठा गेल्यावर तिला फाईल धरता येईना. चार बोटांत धरून बघितली, डाव्या हातानं करून बघितलं, एकदा तर फाईल मनगटाला रबरानं बांधून बघितली. मग ती खिडकीपाशी नुसती खुर्ची टाकून बसायला लागली आणि तोंडानं सांगून माझ्याकडून काम करून घ्यायला लागली. "उतार जास्ती झाला. पुसून टाक. परत." गिऱ्हाइकं अवघडायची, माझ्या पाठीला घाम यायचा. तिची शिकवण्याची घाई मला तेव्हा जाच वाटायची. आणि त्याच दिवसांत तिनं एक नवीन नियम काढला. येणाऱ्या प्रत्येक बाईची नखं आधी पूर्ण मोकळी करायची, दाराच्या उजेडात नेऊन बघायची, मगच बाटली उघडायची. एखादीला घाई असली की शमीम आपला पट्टी बांधलेला हात नुसता टेबलावर ठेवायची. बाई उठून दाराशी जायची.

पुढचं वर्ष हॉस्पिटलचं गेलं. सलाईन, उलट्या, परत सलाईन. केस गेले. उरलेली नऊ नखं पिवळट, खरबरीत झाली, त्यांवर आडव्या खाचा पडल्या. शेवटी डॉक्टरांनी सलीमला बाजूला घेऊन, आता घरीच ठेवा, म्हणून सांगितलं. त्यानंतर आठवड्यानं मी भोरला गेले. शमीम पलंगावर उशांना टेकून होती, पोट फुगलेलं, हात मात्र काटकीसारखे. माझ्याकडे बघून म्हणाली, "सामान आणलंस का? माझी नखं कर." अम्मा दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता कशापायी बाळा? पाक राहा." म्हणजे स्वच्छ, देवाघरी जाण्याजोगी राहा. आजवर अम्मा तिला नखांवरून पुष्कळ बोलल्या होत्या, पण हे बोलणं तसं नव्हतं. शमीम म्हणाली, "अम्मा, मला बघवत न्हाईत ही. दिवसभर समोर हीच दिसत्यात." अम्मा आत गेल्या. मी दुसऱ्या दिवशी सामान घेऊन परत गेले. दुबळ्या नखाला फाईल लावायची भीती वाटत होती. अगदी पातळ थर दिले, रंग फिका गुलाबी, आखूड, बोटाच्या गोलाईनं. चौथ्या बोटावर आले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपली. तेवढ्यात तिनं विचारलं, "कड बांधलीस?" मी हो म्हटलं. तिनं हात वर उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून मीच तो तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिनं नऊच्या नऊ नखं एकेक करून तपासली. चूक काढली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर मी तिला पाहिलं ते त्या सकाळी. आतल्या खोलीत चार-पाच बायका होत्या, पाणी तापत ठेवलं होतं, बाहेर पुरुष खुर्च्या मांडून बसले होते. दुपारच्या नमाजानंतर न्यायचं होतं. मी जमिनीवर बसले. अम्मांनी लेकीचं मनगट धरलं, एखाद्या बाईला बांगडी भरताना धरावं तसं. मी वरचा थर फाईलनं घासला, कापूस भिजवून नखांवर ठेवला, फॉइल गुंडाळलं. जिवंत हातावर हा थर पंधरा मिनिटांत सुटतो, कारण हाताची ऊब आतून मदत करते. हा हात थंड होता. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, फॉइल उघडलं तर जेल तसंच. बाहेरून कुणीतरी किती वेळ म्हणून विचारून गेलं. एक बाई म्हणाली, राहू द्या, अल्ला समजून घील. अम्मा म्हणाल्या, "न्हाई. निगू द्या." मग त्यांनी गरम पाण्यात फडकं पिळून त्या फॉइलच्या बोटांवर धरलं. गार झालं की दुसरं धरलं. असं आम्ही दोघी करत राहिलो. हळूहळू कडेपासून थर उचलायला लागला. करंगळीचा सगळ्यात शेवटी निघाला. त्या नवव्या नखावरून मी कापूस फिरवला तेव्हा अम्मा म्हणाल्या, "काम चांगलं केलं हुतंस. निगंना." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मी त्यानंतर त्यांच्या डोळ्यांकडे बघू शकले नाही. उरलेलं काम घरच्या बायकांचं होतं, मी बाहेर येऊन नळाखाली हात धुतले. मग मात्र तिथंच, नळ सोडून, रडले.

सहा आठवडे झाले. दुकान चालू आहे. नखं आधी मोकळी करून दाराच्या उजेडात बघायची पद्धतही चालू आहे, फक्त खिडकीपाशी धाक घालायला कोणी बसत नाही. मागच्या पंधरवड्यात मार्गासनीच्या हौसाबाई आल्या होत्या, पन्नाशीच्या असतील, मुलीच्या साखरपुड्यासाठी. त्यांच्या डाव्या अंगठ्यात तशीच उभी रेघ होती, बुडाकडे रुंद. मी म्हणाले, हे मी झाकणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा. त्या भडकल्या. "शुभ कामाला आले, आन् तुमी असलं बोलता व्हय?" म्हणाल्या आणि चपला घालून चालू पडल्या. फोन केला तर उचलला नाही. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा मी मार्गासनीला गेले, घर विचारत विचारत. त्या ओट्यावर नाचणी पाखडत बसल्या होत्या. दहाही नखं लालभडक, दुसऱ्या कुठूनतरी करून घेतलेली. हात पदराखाली घेऊन म्हणाल्या, "लगीन होऊ द्या, मग जाते."

मी ओट्यावर बसले आणि त्यांना शमीमची सगळी गोष्ट सांगितली. रेघेची, मरून रंगाची, सीझनची, आणि त्या गरम फडक्याचीही. काही वगळलं नाही, मी काय केलं तेही नाही. त्या ऐकत होत्या, सूप मांडीवर तसंच होतं. गोष्ट संपल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं. मग पदराखालून हात काढून माझ्यापुढं केला आणि म्हणाल्या, "काढा हे. लेक घरात हाय, तिला काय सांगू नका अजून." मी तिथंच तो एक अंगठा मोकळा केला. दुसऱ्या दिवशी मी आणि त्या पुण्याला गेलो. तुकडा तपासायला दिलाय. डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा हे साधंच असतं, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. हौसाबाई येताना एसटीत झोपल्या होत्या, पट्टी बांधलेला अंगठा मांडीवर उघडा ठेवून.

रिपोर्ट येत्या गुरुवारी मिळणार आहे. गुरुवारी दोन नवऱ्या ठरलेल्या होत्या. त्यांना मी दुसरीकडे जायला सांगितलं आहे.